आगळ आणि अंगठा

लग्न होऊन मी घाटंजीकडे निघाले तेव्हा आईने मला दोन वस्तू दिल्या. एक पितळेची समई आणि एक आगळाची बरणी. समईचा मोर एसटीत कुणाच्या तरी ट्रंकेखाली सापडून वाकला. बरणी मात्र मी कोकणापासून यवतमाळ जिल्ह्यापर्यंत मांडीवर धरून आणली. आगळ म्हणजे रातांब्याचा, कोकमाच्या फळाचा, मीठ घालून काढलेला रस. लालभडक, आंबट, वर्षभर टिकणारा. आमच्याकडे पाहुणा आला तर आगळाचं सरबत, पोट बिघडलं तर आगळाची कढी. इकडे कुणी आगळ डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी माप ओलांडून घरात आले तेव्हाही बरणी माझ्या काखेत होती. सासूबाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "हे काय आणलं वं माय, रगत?"

इतक्या लांब मी आले ती मोठ्या दिरांमुळे. ते एसटीत ड्रायव्हर. नोकरी आमच्या तालुक्याच्या डेपोत लागली आणि राहायला आमच्याच पडवीतली खोली मिळाली. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, "पोरगी कामाची हाय, बोलत कमी हाय." मी कमी बोलत होते कारण मी घाबरट होते, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. वडील नव्हते, आई काजूच्या कारखान्यात जायची, माझी शाळा सातवीनंतर सुटली होती. बैठकीत माझा मामा देण्याघेण्याचं चाचरत बोलायला लागला तेव्हा सासरे म्हणाले, "हंडे-भांडे आमच्याकडं गंज हायेत, ढीगभर. ते घासाले पोरगी पायजे." सगळे हसले. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाक्य मी अजून विसरले नाही. भांडी घासताना तर हटकून आठवतं.

तर अशी मी फुकट आलेली सून. घरातल्या कुणी मला ते कधी बोलून दाखवलं नाही, पण मला आपली सारखी धास्ती, की एक दिवस यांच्या लक्षात येणार आपण फसलो, आणि हे मला समई-बरणीसकट एसटीत बसवून देणार. भाकरी करपली की मी मनातल्या मनात पिशवी भरायला घ्यायची.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव चढेल तेव्हा विकू, असं सारं गाव म्हणायचं, आणि तोवर कापूस घराघरात आढ्यापर्यंत. आमच्याकडे त्याने पुढची खोली घेतली होती. खरं तर ती नव्या जोडप्याला द्यायची ठरली होती. आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघराच्या बाजूला एका पडद्याआड, आणि कापूस ऐसपैस खोलीत. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. मी ती खोली झाडायला, ढीग सारखा करायला गेले की मामाजी, म्हणजे सासरे, लगबगीने यायचे. "राहू दे सुनबाई. अंग खाजवन तुह्यं. मी पाह्यतो." मला भरून यायचं. जन्मदात्या बापानेही इतकं जपलं नसतं, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा? कापूस झाडते?" आणि कूस वळून झोपला.

नणंद घरात सगळ्यांत शिकलेली. बारावी, तीही सायन्स. मी वयाने थोडी मोठी असूनही ती मला समजावून सांगायच्या सुरात बोलायची आणि मला ते आवडायचं. तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. तिची अट एकच होती. नवरा शेतकरी चालेल, काळा चालेल, बुटका चालेल, पण खर्रा-तंबाखूचा नको. आता आमच्या भागात ही अट म्हणजे पाय जमिनीला न टेकणारा नवरा मागण्यासारखंच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा इकडे पोरं मिशा फुटायच्या आधी सुरू करतात. पण तिच्या अटीला कारण होतं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा खर्रा खाऊन खाऊन अशा गतीला आला होता, की त्याचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. सणाला आला की पुरणपोळीची बारीक सुरळी करून त्याला द्यावी लागायची. तो हसायचा तेही दात न दाखवता. नणंद म्हणायची, "वहिनी, ताई त्याच्यासंग भांडतेही तं तो उत्तर देऊ शकत नाही. असं भांडण काय कामाचं?"

अडचण अशी होती की पाहायला येणारा प्रत्येक मुलगा निर्व्यसनी असायचा. "सुपारीचं खांडही नाही" हे वाक्य तर मुलाच्या नावागावाआधी यायचं. गावाबाहेरच्या पुलाशी गाडी थांबवून, खळखळून चुळा भरून, बडीशेप चावून ही मंडळी यायची. दात पाहायला काय तो बैलबाजार होता? पोरीने मान खाली घालून पोहे द्यायचे आणि नशिबावर हवाला ठेवायचा.

अशात फाल्गुनात पापडांचा दिवस निघाला. आळीतल्या बाया लाटायला आलेल्या. सासूबाईंनी पापडखार पाण्यात विरघळवून, वरचं निवळ पाणी पातेल्यात काढून ठेवलं होतं. मला वाटलं, बाया उन्हाच्या आल्यात, आपल्या माहेरचं सरबत करावं, तेवढंच नाव होईल. मी आगळ आणि साखर घेतली आणि समोर दिसलेल्या पातेल्यातलं पाणी त्यात ओतलं.

सरबत फसफसलं. पोळ्यातून माश्या उठाव्यात तसा फेस वर आला, लालाचं जांभळं झालं आणि जांभळ्याचं निळं-काळं. त्या दिवसांत प्रत्येक घरात फवारणीच्या औषधांच्या बाटल्या असायच्या, कुठे फडताळात, कुठे खाटेखाली, आणि त्यांच्या बातम्याही असायच्या. मला वाटलं, मी पातेलं चुकले आणि बायांसाठी विष कालवलं. पिशवी भरायची वेळ खरोखरच आली, असं वाटलं.

नणंद आत आली. तिने वास घेतला, शेजारचं पातेलं पाहिलं आणि खिदळायला लागली.

"पापडखार हाय तो. वहिनी, अवं हा दर्शक हाय दर्शक. आठवीत नव्हता का धडा?"

"मी सातवीत थांबले," मी म्हणाले.

"हात्तिच्या. एका वर्षानं हुकला तुमचा."

मग तिने लिंबू कापलं आणि त्या निळ्या-काळ्यात पिळत राहिली. पाहता पाहता ते परत लाल झालं. मी जादू पाहावी तशी पाहत होते. ती सांगत होती, की काही पदार्थांचा रंग आंबटाला एक असतो आणि खाराला दुसरा. समोर काय आलं आहे ते ते रंग बदलून सांगतात. शाळेत त्यासाठी लिटमसचे कागद असतात, ते मोजून देतात आणि परत मागतात. "आन तुमच्या आईनं तं बरणीभर देल्ला," ती म्हणाली, आणि मग तिच्या अंगात आलं. चिंच, ताक, कपड्याचा साबण, चुलीतली राख, जे सापडेल ते वाटीत घेऊन त्यावर माझं आगळ. ताकात ते गुलाबी राहिलं, राखेच्या पाण्यात निळसर हिरवं झालं. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "पोरींनो, पापडखाराचं पाणी आणता का मी हिवाळ्यात लाटू पापड?"

शेवटी मी साध्या पाण्याचं सरबत केलं आणि बायांना दिलं. शेजारची काकू पान खाणारी. तिने नुकतंच पानाला चुना लावला होता. ओला ग्लास तिने उचलला, थोडं सरबत बोटांवर सांडलं आणि तिच्या अंगठ्याच्या नखाभोवती निळी रेघ उमटली. काकूने ती पदराला पुसली आणि पापडाकडे वळली. नणंद मात्र त्या अंगठ्याकडे पाहतच राहिली.

"वहिनी," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तंबाखूत काय असते? खर्र्यात काय असते?"

मला आधी कळलं नाही. मग चुना आठवला, आणि तो मळणारा अंगठा.

पुढच्या पाहुण्यांना पोह्यांसोबत चहाऐवजी सरबत गेलं. काचेचे ग्लास, काठोकाठ भरलेले, म्हणजे उचलला की बोटांवर सांडलाच पाहिजे. मुलगा मुकुटबनकडचा, शर्ट कडक इस्त्रीचा. त्याच्या काकांनी सुपारीच्या खांडाची शपथ घेतली आणि मुलाने ग्लास उचलला. अंगठा असा झाला की जणू नुकताच मत देऊन आलाय. त्याने तो पँटला पुसला, मग पँटकडे पाहत बसला. त्यानंतरचा मुलगा हुशार, बोटं घासून आलेला. पण सांडलेलं सरबत त्याने रुमालाने टिपलं आणि पांढऱ्या रुमालावर निळी फुलं उमलली. दोन्ही ठिकाणी नणंदेने घरी सांगितलं, पत्रिका जुळत नाही असं कळवा. सासूबाई म्हणाल्या, "आजकाल पत्रिका लयच पाहू लागली ही."

माझी मात्र झोप उडाली. उद्या हे फुटलं तर कुणाच्या नावावर जाणार? बारावी सायन्सच्या, का लांबून आणलेल्या लाल पाण्याच्या?

मग कळंबचं स्थळ आलं. मुलाचा तिथे फोटो स्टुडिओ. नणंदेने त्याला एका नात्यातल्या लग्नात पाहिलं होतं. तो फोटो काढत होता आणि हिचा डोळा मिटलेला आला म्हणून त्याने परत काढला, असं ती सांगायची. एवढंच. पण हे एवढंच तिने मला बऱ्याच वेळा सांगितलं होतं. तो येणार त्या दिवशी ती सकाळपासून गप्प होती. मी ग्लास मांडले तेव्हा म्हणाली, "वहिनी, आज थोडं कमी भरा."

"मग देऊच नको का?"

ती थोडा वेळ ग्लासांकडे पाहत राहिली. "नाही. भरा बाप्पा. काठोकाठच भरा."

मुलगा आला तो मामाला घेऊन. बैठक अंगणात, कारण आत कापूस. पोहे व्हायचे होते तोवर मामाजी मुलाला म्हणाले, "चाला, कापूस दाखवतो," आणि दोघे पुढच्या खोलीत गेले. मुलाचा मामा अंगणातच पाय पसरून बसला. त्याच्या गालात खर्रा होता आणि तो काही लपवत नव्हता. "माह्यं सोडा," तो सासूबाईंना सांगत होता, "पण आमच्या भाच्याले सुपारीचं खांडही माहीत नाही."

ते दोघे परत आले. नणंदेने पोहे दिले, मी सरबत दिलं. मुलाने ग्लास उचलला.

अंगठा निळा झाला. नुसता नखाभोवती नाही, पार पेरापर्यंत. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग एकदा मामाजींकडे पाहिलं, आणि अंगठा हळूच ग्लासाखाली घेतला. मामाजी कडुलिंबाकडे पाहत होते. त्यांनी स्वतः सरबत घेतलं नाही. कधीच घ्यायचे नाहीत. "हे रगतासारखं पाणी मले नोको" म्हणायचे.

नणंद रिकामा ट्रे घेऊन आत आली. ट्रे तिने इतका सावकाश ठेवला, की तो आपटला असता तर मला बरं वाटलं असतं. "त्यायले नाही म्हणून सांगा," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सासूबाई मागोमाग आल्या. "काहून? आता या पोट्ट्यात काय खोट?"

"अंगठा पाहा त्याचा."

मग सगळं सांगावं लागलं. दर्शक, चुना, मुकुटबन, रुमाल. सासूबाई ऐकत होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी मनात एसटीचं वेळापत्रक आठवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे पत्रिका हे हाय." आणि पदर खोचून सरळ अंगणात गेल्या. इकडची माणसं गोष्ट पोटात ठेवत नाहीत, ठेवली तर त्यांना झोप लागत नाही.

"भाऊ," त्या मुलाच्या मामाला म्हणाल्या, "तुमच्या पोट्ट्याच्या अंगठ्याले चुना हाय."

"कायचा चुना? फोटो धुते तो. त्याचं औषध असन."

"औषध नाही. चुना."

"तं तुमचं पाणी खराब असन."

"मंग घाला तुमचा अंगठा."

मामाने घातला. झाला निळा. "माह्यं सोडा म्हनलं ना," तो म्हणाला. सासूबाईंनी आपला घातला. लालच राहिला. माझ्या नवऱ्याने न सांगता आपला पुढे केला, आणि मी वाकून पाहिलं. लाल. एवढ्या धांदलीतही मला बरं वाटलं. कुंपणापलीकडून काकूने विचारलं, "काय चालू हाय वं? सोसायटीचं मतदान हाय का?" मुलगा एकटाच काही बोलत नव्हता. मामाने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ द्या मामा. त्यायचा विश्वास नसन तं जाऊ द्या."

"ढोरायले पाणी पाजाचं राह्यलं," मामाजी म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. ढोरांना पाणी मी स्वतः सकाळी पाजलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पुढची खोली. राहू दे सुनबाई. अंग खाजवन. पांढऱ्या कापसाच्या ढिगात पांढऱ्या चुन्याची डबी ठेवली तर कुणाच्या बापाला दिसणार होती? मामाजींनी सासूबाईंना कळंबच्या गणपतीपुढे कान धरून व्यसन सोडल्याचा शब्द दिला होता, ते मी आल्यापासून ऐकत होते. आणि मी वेडी, माझ्या अंगाला खाज सुटू नये म्हणून हा देवमाणूस झाडू हातात घेतो, असं समजून सद्गदित होत होते.

पण करू काय? सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी मी. ज्या माणसाने मला हंड्याशिवाय आणली, त्याला अंगणात चारचौघांत उघडं पाडू? आणि नाही पाडलं तर आत भिंतीकडे तोंड करून उभी आहे तिचं काय? मी स्वयंपाकघरात गेले, नवा ग्लास घेतला, सरबत काठोकाठ भरलं आणि गोठ्यात गेले. चालताना निम्मं माझ्याच पायावर सांडलं.

मामाजी गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी ग्लास पुढे केला. ते ग्लासाकडे पाहत राहिले.

"मले नोको म्हणतो ना मी हे."

मी ग्लास मागे घेतला नाही. मग कुठून तरी आवाज निघाला, "ताई आत रडतायत."

गोऱ्ह्याने शेपूट हलवलं. मग मामाजींनी ग्लास घेतला, दोन्ही हातांनी. तसेच, ओंजळीत दिवा धरावा तसा तो धरून, अंगणात गेले आणि सासूबाईंपुढे उभे राहिले. दोन्ही अंगठे निळे, शिवाय एक तर्जनी.

"त्या पोट्ट्याचा काही दोष नाही," ते म्हणाले. "मी पुडी काढली. तो म्हने, द्या, मी मळतो. वडीलधारं माणूस समोर हाय, लहान्यानं मळून देल्ला."

सासूबाई एक एक बोट निरखून पाहत होत्या. "आन कळंबले गणपतीपुढं कान धरले होते ते?"

"तवा खर्रा सोडला. हा तंबाखू हाय."

मुलाचा मामा पहिल्यांदा हसला. त्याला ठसका लागला, खर्रा नको तिकडे गेला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्या मुलाकडे वळल्या. "आन तू रे? तोंडात मूग धरून बसला. सांगाले काय झालं होतं?"

मुलगा खाली पाहत म्हणाला, "आज्याचा मळून द्याचो लहानपणी, तं हाताले सवय हाय. मी नाही खात." मग थोडं थांबून, "आन घरात नीट पाय नाही ठेवला, तं सासऱ्याची चुगली करू काय?"

सासऱ्याची, असं तो म्हणाला. स्वयंपाकघरात भांडं पडलं.

थोड्या वेळाने नणंद बाहेर आली. डोळे पुसलेले, पदर नीट. तिने मुलासमोर दुसरा ग्लास ठेवला, निळ्या अंगठ्याच्या बाजूला. हा तिने स्वतः भरला होता, आणि अर्धाच.

त्यांचं लग्न वैशाखात झालं. वऱ्हाडाला सरबतच दिलं. बातमी कळंबपर्यंत पोचलेली असावी, कारण मुलाकडची अर्धी माणसं ग्लास रुमालात गुंडाळून धरत होती आणि उरलेली ओंजळीने पीत होती. थोरले जावई तेवढे बिनधास्त होते. त्यांना नळी दिली होती.

पण त्या निळ्या अंगठ्यांच्या दिवशी, पाहुणे गेले तेव्हा मी भांडी घासायला बसले होते. सासूबाई आल्या, कोपऱ्यातली माझी बरणी उचलली, किती उरलंय ते उजेडात धरून पाहिलं, आणि ती आपल्या फळीवर, तुपाच्या भांड्याशेजारी ठेवली. मी मनात पिशवी भरायला घेतली. त्या म्हणाल्या, "आईले सांग, पुढच्या खेपेले मोठी धाड. तुह्ये मामाजी रोज घरी येते."